चेहऱ्याचे अस्तर

रंगभूमीच्या जुन्या माणसांकडून आठवणी मागवताना संपादकमहाशयांना माझे नाव सुचले, याचे मला प्रथम नवलच वाटले. गायकांविषयी, नटांविषयी, फार काय पडदे रंगवणाऱ्यांविषयीही लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. माझे काम मात्र असे की, ते प्रेक्षकाला दिसले तर बिघडले असे समजावे. एकवीस वर्षे मी एका फिरत्या नाटक मंडळीत नटांचे चेहरे रंगवले; आणि त्यातही माझे नाव झाले ते रंगासाठी नव्हे, रंगाच्या खाली जो हात फिरवतात त्यासाठी. त्याला आमच्यात अस्तर म्हणत. अंगरख्याला आतून अस्तर असते, भिंतीला गिलाव्याच्या आधी असते, तसेच चेहऱ्यालाही. त्या अस्तराखाली मी एकदा जे झाकले, ते कोणी विचारले नाही म्हणून आजवर छापून सांगितले नव्हते. आता विचारले आहे.

बाहेरच्या माणसास वाटते, चेहऱ्यावर डाग असला तर त्यावर जाड रंग थापला की काम झाले. तसे होत नाही. ताज्या दाढीच्या गालावर जी निळसर झाक उरते, तिच्यावर नुसता सफेदा लावून पाहावे. गाल गोरा न होता राखेसारखा होतो. तापाच्या पुटकुळ्यांवर गुलाबी रंग लावावा, तर त्या अधिकच भडकतात. खालचा रंग वरच्या रंगातून बोलल्यावाचून राहत नाही. हे मला शिकवले ते मोमिनाबादेत मोहरमचे ताबूत रंगवणाऱ्या एका वृद्ध उस्तादांनी. ते म्हणत, "दाग कू ढाँको नक्को, मियाँ. मारो." मारायचे म्हणजे त्याच्या उलट रंगाने मारायचे. निळ्याला नारिंगी मारते. लालाला हिरवा मारतो. पिवळेपणाला किंचित जांभळी झाक मारते. नारिंगीसाठी आम्ही पिवळ्या पिवडीत लाल हिंगूळ मिसळत असू, हिरव्यासाठी पिवडीत नीळ. बोटाच्या टोकाइतका रंग खोबरेलात कालवून डागावर असा पसरायचा की, त्याची कड कुठे संपली हे बोटालाही कळू नये. दोन्ही रंग एकमेकांना खातात, आणि उरते ती कोणताच दावा नसलेली, शांत, सपाट त्वचा. तिच्यावर मग राजा काढा, राणी काढा, नारद काढा.

हे सारे करायचे उजेडात आणि दिसायचे गॅसबत्तीखाली, ही आणखी एक पीडा. गॅसबत्ती लाल रंग गिळते. दिवसा जो चेहरा भडक वाटतो, तोच रात्री नुकता आजारातून उठल्यासारखा दिसतो. म्हणून रंगवून झाले की नटाला बत्तीसमोर उभे करून मी दहा हात मागे जात असे आणि डोळे अर्धे मिटून पाहत असे. डोळे अर्धे मिटले की माणूस नाहीसा होतो आणि केवळ रंग उरतो. ही सवय धंद्यात फार उपयोगाची आहे. तिने माझे किती नुकसान केले, ते पुढे येईल.

माझ्या वडिलांचे केजच्या पेठेत हळदकुंकू, रंग आणि जडीबुटी यांचे दुकान होते. पिवडी, हिंगूळ, नीळ, गेरू, काव यांच्या पुड्या बांधतच मी वाढलो. आमच्या लिंगायत घरात कोणी नाटकाकडे वळेल असे वडिलांना स्वप्नातही वाटले नसेल. पण रंग विकणाऱ्याचा मुलगा रंग लावू लागला, एवढेच झाले, अशी मी माझी समजूत घालत असे.

माझ्या अस्तराची कीर्ती मंडळीबाहेरही गेली होती. कडा गावाकडचे एक देशमुख हौशी नाटकात दुष्यंत झाले होते. देशमुखांचे नाक पेयाच्या कृपेने जास्वंदीसारखे लाल. त्यांना आरशासमोर बसवून मी नाकाला हिरवा हात लावला, तसे ते ताडकन उठले.

"हिरवा कावून लावतोस बे? मी काय पोपट हाय का?"

"पोपटाची चोच लाल असते, सरकार," मी हळूच म्हणालो. "तीच घालवतोय."

शेजारी बसलेला कण्व ऋषी दाढी धरून हसू लागला. देशमुख चरफडत बसले. काम झाल्यावर आरशात दोन्ही बाजूंनी नाक न्याहाळून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी घोडे घेऊन दारात हजर. निरोप असा : "बाईसाहेब इचारतेत, कालचं नाक रोज लावून मिळंल का?"

अशा गोष्टींनी माणूस फुगतो. मीही फुगलो होतो. माणसाने आपला खरा रंग माझ्या हवाली करावा आणि मी तो मारून टाकावा, यात मला काही विचार करण्यासारखे आहे असे वाटत नव्हते.

आता शिवदासाविषयी.

शिवदास तेलगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. भजनात गाताना आमच्या मालकांनी त्याला ऐकले आणि मंडळीत आणले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. त्याचा गळा असा होता की, पहिल्या ओळीतच मागच्या बाकांवरची खोकणारी माणसे गप्प होत. परंतु देवाने गळा देताना चेहऱ्याकडे दुर्लक्ष केले होते. वर्ण काळसर, डोळ्यांखाली काळोखी, आणि दाढी इतकी दाट की सकाळी केलेली संध्याकाळी पुन्हा निळी दिसे. मालकांनी त्याला माझ्यासमोर आणून बसवले आणि विचारले, "अप्पा, ह्याची शकुंतला हुईल का?"

मी डोळे अर्धे मिटले आणि म्हणालो, "होईल."

झाली. दाढीच्या निळ्यावर नारिंगी अस्तर, डोळ्यांखाली तेच जरा पिवळट करून, आणि त्यावर मुर्दाडशिंगाचा लेप. मुर्दाडशिंग म्हणजे पिवळसर, जड असा एक दगड. आमच्या दुकानात तो खरजेच्या मलमासाठी विकत असू. सहाणेवर पाण्यात उगाळून चेहऱ्याला लावला की त्वचेला जी गव्हाळ झळाळी येते, ती सफेद्याला साधत नाही. सगळ्याच मंडळ्यांत स्त्री-भूमिकांना तो लावत. इतरांना तो आठवड्यातून दोनतीनदा लागे. शिवदासाला रोज लागे, आणि तोही दुहेरी. कारण रोज नाटक, रोज नायिका, आणि नाटक नसेल त्या दिवशी मोठ्या घरी गाण्याची बैठक. चेहरा, गळा, दोन्ही हात कोपरापर्यंत. पाच वर्षे मी ते माझ्या हाताने लावले.

चौथ्या वर्षी मला प्रथम जाणवले की, त्याचे अस्तर मला वाढवावे लागते आहे. त्याच्या काळसर वर्णावर राखेसारखी एक झाक येऊ लागली होती. मी हिंगूळ वाढवला. मग ओठ फिके पडले. मी ओठांखालीही नारिंगी हात दिला. जितके मी मारी तितके ते पुन्हा वर येई. हे मला एखाद्या कसबी शत्रूशी चाललेल्या डावासारखे वाटे. खोटे कशाला सांगू, त्यात मला गोडी वाटू लागली होती. शिवदास जेवत नसे. म्हणे, "अप्पा, तोंडाला चव न्हाई. पोटात पीळ पडतोय." मी म्हणे, "गाडीचा प्रवास, परगावचे पाणी. ओवा खा." आणि हिंगूळ आणखी थोडा वाढवी.

पुढे त्याच्या हिरड्यांवर, दातांच्या कडेने, निळसर काळी रेघ दिसू लागली. शकुंतला हसली की पहिल्या रांगेला ती रेघ दिसे. मी काय केले? मी निळ्यावर लाल मारला. अळित्याच्या लाल रंगात बुडवलेला कापसाचा बोळा रोज त्याच्या हिरड्यांवरून फिरवू लागलो. माणसाच्या तोंडात डोकावून आतली निळी रेघ पाहणारा, आणि तिला रंगवण्यापलीकडे काही न सुचणारा दुसरा कोणी या जगात झाला असेल असे मला वाटत नाही.

त्याच सुमारास शिवदासाचा उजवा हात मनगटातून खाली लवू लागला. फुलाची परडी उचलली की पंजा देठ मोडलेल्या फुलासारखा लोंबे. प्रेक्षकांना वाटले, ही नवीन अदा आहे. लोक टाळ्या देत. मालक तर एवढे खूष झाले की, "शिवदास, पयल्या अंकातबी तसाच हात टाकत जा," असे त्यांनी त्याला सांगितले. शिवदास हसला आणि म्हणाला, "मालक, मी टाकत न्हाई. त्योच पडतो." सगळे हसले. मीही.

मंडळी केजला आली ती मोठ्या आशेने. तीन खेळांचा परवाना मिळाला होता, आणि पहिल्या खेळाला तहसीलदारसाहेब स्वतः येणार होते. त्यांची मर्जी बसली तर धारूर, मोमिनाबाद, बीड येथील परवाने सोपे जातील; बिनसले तर निजामी मुलखातून गाशा गुंडाळावा लागेल. ज्या दिवशी खेळ, त्याच दिवशी दुपारी शिवदासाच्या पोटात असा मुरडा उठला की, तो घोंगडीवर पाय पोटाशी घेऊन गडबडा लोळू लागला. मालकांनी गावातल्या हकीमसाहेबांना बोलावणे धाडले. हे हकीम वयस्क, सडपातळ, मोजके बोलणारे. भटजीपासून मौलवीपर्यंत सगळे केज त्यांच्याकडे जाई. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांचेच औषध होते.

निरोप गेला आणि मालकांना धास्ती पडली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अप्पा, हकीम लई कडक माणूस हाय. ह्याचं तोंड बघितलं तर आजचा खेळ बंद करंल. अन् त्यो तहसीलदाराच्या घरचा हकीम. त्यानं न्हाई म्हणलं की संपलं. जरा माणसात आणा ह्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचा रंग नगं. आतलंच तेवढं. तुमचं ते अस्तर."

मी मालकांकडे पाहिले. मग घोंगडीवर पडलेल्या शिवदासाकडे पाहिले. त्याचे ओठ पांढरे होते, कपाळ घामाने निथळत होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "लावा, अप्पा. आज तहसीलदार हाय. मला गायचंय."

त्याचे हे वाक्य मी माझ्या बचावासाठी कैक वर्षे वापरले. आज वापरणार नाही. तो आजारी होता आणि मी धडधाकट होतो.

मी त्याचे तोंड पुसले आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत उत्तम काम केले. बत्तीचा आधार नाही, अंतराचा आधार नाही. भर दुपारच्या उजेडात, दोन हातांवरून, रोग्यांचे चेहरे वाचण्यात हयात गेलेल्या माणसाच्या नजरेला उतरेल असा चेहरा करायचा होता. राखेवर नारिंगी, इतका पातळ की बोटाला लागू नये. डोळ्यांखाली पिवडी. ओठांना, कानाच्या पाळ्यांना, नखांनाही किंचित हिंगूळ. कारण हकीम नखे पाहतात हे मला ठाऊक होते. खोबरेल टिपून काढले, तुकतुकी राहू दिली नाही. शेवटी त्याला पान खायला दिले, म्हणजे तोंड लाल का, हा प्रश्नच उरू नये.

हकीम आले. त्यांनी शिवदासाला खिडकीपाशी बसवले, जीभ पाहिली, पापणी ओढून पाहिली, नखे दाबली. मग शिवदासाने पुढे केलेला डावा हात घेऊन त्यांनी नाडीवर बोटे ठेवली आणि डोळे मिटले. बाहेर मांडवासाठी खांब ठोकण्याचा आवाज येत होता.

त्यांनी डोळे उघडले. "अजीब हाय," ते म्हणाले. "नब्ज एक बोलती, चेहरा दूसरा बोलता."

मालक घाईने म्हणाले, "बादी का माल खाया, हकीमसाब. रातकू वांग्याचं भरीत…"

"आप रुको." हकीम माझ्याकडे वळले. त्यांनी मला ओळखले होते. "अप्पा, तुम पेठवाले दुकानदार के बेटे ना? इसका मुँह रोज तुमारे हात में रैता. सच बोलो. इसका रंग पैले से ऐसाइच हाय? कुछ बदला नै?"

खांब ठोकण्याचा आवाज थांबला होता, की मलाच ऐकू येईनासा झाला होता, कोण जाणे. शिवदास माझ्याकडे पाहत होता. मालक माझ्या पाठीमागे होते, मला दिसत नव्हते.

"हौ जी," मी म्हणालो. "ऐसाइच हाय."

मी हे का म्हणालो, याचा शोध मी पुष्कळ घेतला आहे. मालकांची भीती होती. मंडळीतल्या तीस माणसांचा घास होता. शिवदासाची इच्छा होती. हे सारे खरे आहे, आणि यातले कोणतेही कारण खरे नाही. हकीमांनी चेहऱ्यावर बोट ठेवून पापणी ओढली, तेव्हा माझ्या मनात आले होते : कळले नाही! याला सुद्धा कळले नाही! त्या क्षणी मला आनंद झाला होता. तो आनंद मोडायला माझी जीभ धजली नाही. इतकेच.

हकीमांनी मान हलवली. "चेहरा तंदुरुस्त हाय तो पेट की हवा हाय," असे म्हणून बाळहिरड्याचे चूर्ण आणि एरंडेल लिहून दिले, आणि गेले.

त्या रात्री तहसीलदारसाहेब पुढच्या खुर्चीवर बसले होते. शिवदास पहिला अंक असा गायला की, तसे गाणे मी पुन्हा ऐकले नाही. दुसऱ्या अंकात नायिका निरांजनाचे तबक घेऊन देवीला ओवाळते. मी विंगेत उभा होतो. त्याने तबक उचलले. दोन्ही पंजे मनगटातून एकदम सुटले. तबक त्याच्या पायावर पडले, तेल सांडले, वात पदराकडे धावली. विंगेतून सखी झालेल्या नटाने उडी मारून ती पायाने विझवली. शिवदास तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढे, पंजे खाली लोंबणारे. तो ते वर करू पाहत होता. मला त्याच्या खांद्यांवरून कळत होते. खांदे चढत होते, आणि पंजे हलत नव्हते.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, अपशकुनाचा प्रसंग आहे.

पडदा पडला. मी त्याला आत आणून खोबरेलाने तोंड पुसले. वरचा लेप निघाला, नारिंगी निघाले, पिवडी निघाली. पाच वर्षांत प्रथमच मी डोळे अर्धे न मिटता त्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे रंग नव्हता. एक मरू घातलेला माणूस होता आणि तो म्हणत होता, "अप्पा, मला केस मागं सारता येईना. जरा सारा की."

दिवस उजाडताच मी त्याला बैलगाडीत घालून हकीमांच्या दारात नेले. तोंड धुतलेले होते. हकीम ओट्यावर आले, त्यांनी त्याच्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "काल मी झूट बोललो. तुम्ही पाहिलेत तो चेहरा माझा होता, याचा नव्हता."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी विचारले, "क्या लगाते?" मी पेटी उघडून, पाच वर्षे रोज काय काय लावले ते सांगत, एकेक पुडी पुढे ठेवली. पिवडीला त्यांनी बोट लावले आणि बाजूला सारली. हिंगूळ पाहून कपाळाला आठी घातली. मुर्दाडशिंगाचा खडा मात्र हातात घेऊन ते बराच वेळ त्याचे वजन पाहत राहिले.

"तुमारे बाप ये बेचते थे. नाम का मतलब मालूम?"

मी म्हणालो, "मुर्दाडशिंग."

"मुर्दार-संग. मुर्दार, याने मुर्दा. संग, याने पत्थर. इसमें सीसा हाय, मियाँ, तुमारा शिसं; जहर हाय. हम इसकू मरहम में डालते, वो बी चुटकीभर. तुम पाँच बरस जिंदे आदमी के मुँह पे मलते रहे."

बापाच्या दुकानात तो शब्द मी हजारदा उच्चारला होता, पुडीवर माझ्या अक्षरात लिहिला होता. आमच्या बोलीत घासून घासून त्याचे शिंग झाले होते, आणि त्या शिंगाआडचे मढे मला कधी दिसले नव्हते.

मग हकीम म्हणाले, "अब तुम मुँह खोलो." मी उघडले. त्यांनी माझा खालचा ओठ बोटाने खाली ओढला आणि आरसा आणून माझ्यासमोर धरला. माझ्याही हिरड्यांच्या कडेने ती रेघ होती, पुसट. रोज उगाळणारा मीच होतो. "तुमारी लकीर जाती," ते म्हणाले. "छोड दो तो जाती. इसकी देखेंगे."

"कल सच बोला होता तो?" मी विचारले.

त्यांनी शिवदासाचा लोंबणारा पंजा आपल्या तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने हळूहळू सरळ करून पाहिला. पंजा पुन्हा पडला.

शिवदास वाचला. दूध, तूप, रेच आणि विश्रांती यांवर सहा महिन्यांत पोट सुधारले. वर्षभरात डावा हात आला. उजवा आला नाही. एका दिवसाने, एका रात्रीने त्यात किती फरक पडला असता, हे मी पुढे दोन डॉक्टरांना विचारले. एक म्हणाला, फारसा नाही. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही. मी पहिल्याचे ऐकून झोपतो आणि दुसऱ्याचे ऐकून उठतो.

मंडळीत मी मुर्दाडशिंग बंद केले. मालक कुरकुरले, नायिका फिक्या दिसू लागल्या, एका गावी तर लोकांनी हुर्यो केली. मी सफेदा, चंदन आणि पिवडी यांवर भागवले. नवीन नट आला की त्याला आधी उजेडात, धुतल्या तोंडाने बसवून त्याचा खरा रंग मी वहीत शब्दांनी लिहून ठेवू लागलो आणि दर महिन्याला ताडून पाहू लागलो. रंग बदलला तर तो मारायचा नाही, त्या माणसाला घरी पाठवायचे, असा नियम केला. शिवदासाच्या आधी मी ज्या दोन नायिका रंगवल्या होत्या, त्यांचे काय झाले, हे मात्र मी विचारायला गेलो नाही. ते धैर्य अद्यापही माझ्याजवळ नाही.

तिसऱ्या वर्षी तेलगावहून शिवदासाचा धाकटा भाऊ स्वतःच्या लग्नाच्या अक्षता घेऊन माझ्याकडे आला. "दादानं सांगितलंय, अप्पाला घेतल्याबिगर येऊ नगंस." मी गेलो. लग्न लागले. पंगत बसली, मांडवभर चार ओळी. शिवदास ओळीच्या अगदी टोकाला, भिंतीच्या कडेला बसला होता. मला त्याने शेजारी बसवले. उजवा हात उपरण्याखाली ठेवून तो डाव्या हाताने जेवू लागला. डावा हात पानाला लावणे आपल्यात किती हीन समजतात, हे वाचकांना सांगायला नको. म्हणूनच तो भिंतीशी बसत असावा.

समोरच्या ओळीत मुलीकडचे एक म्हातारे सोयरे होते. त्यांना राहवेना.

"काय रं पाव्हण्या," ते मोठ्याने म्हणाले, "देवानं उजवा हात दिलाय की. सोयऱ्यात बसून डाव्यानं जेवतूस व्हय?"

"वात भरलाय, काका," शिवदास शांतपणे म्हणाला. "रानात उघड्यावर निजलतो, पावसात. लई वरसं झाली."

त्याचा भाऊ मान डोलावत पुढे म्हणाला, "हौ, वातच हाय." तेव्हा माझ्या ध्यानात आले की, तीन वर्षे या घरात, या गावात सगळ्यांना हेच सांगितले गेले आहे. हाताच्या बाबतीत त्याने माझे नाव कोणालाच सांगितलेले नव्हते. घरच्यांनाही नाही.

हाताने कालवलेला घास मी पत्रावळीवर ठेवला.

"वात नाही," मी म्हणालो. माझा आवाज लहान आहे; पण पंगतीत जेवताना शांतता असते. "मी याच्या तोंडाला पाच वर्षे विष लावले. हकीमांनी विचारले, तेव्हा मी खोटे सांगितले. याचा हात माझ्यामुळे गेला."

दोन्ही ओळींतले हात थांबले. भाताचे घमेले घेऊन येणारा वाढप्या आमच्यासमोरच उभा राहिला. शिवदासाचा भाऊ माझ्याकडे पाहत होता; पाहता पाहता त्याचा चेहरा बदलत गेला. मी तो बदल पाहिला आणि डोळे मिटले नाहीत.

म्हातारे सोयरे पुढे वाकले. "आन् मग तुमी हितं कावून बसलाव?"

मी उठण्यासाठी जमिनीला हात टेकला.

"जेवायला बसलेत," शिवदास म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती. डाव्या हाताने वरण कालवत होता. मग वाढप्याला म्हणाला, "वाढ की बे. काय बघतूस? आन् वर तूप घाल. लाजतील ते, मागायचे न्हाईत."

वाढप्याने भात घातला, वर तूप सोडले. मी खरेच मागितले नव्हते.